पाच पौंडांची न्याहारी, चव रजिस्टरसकट

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. पावणेआठला पोचणाऱ्या पोरासाठी पाचपैकी चार गुण, सव्वाआठला पोचणाऱ्यासाठी दोन. शाळा एकच, हॉल एकच, फीसुद्धा एकच.

हा ब्रेकफास्ट क्लब, म्हणजे शाळा भरायच्या आधी मुलांना सांभाळायची आणि न्याहारी द्यायची सोय, लंडनजवळच्या स्लाउमधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेचा. नाव देत नाही, कारण माझी नातवंडं अजून तिथंच खायची आहेत. नात इयर फोरमध्ये, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांत, नातू इयर वनमध्ये, म्हणजे पाच-सहा वर्षांच्यांत. लेक एलिझाबेथ लाइनच्या रेल्वेनं लंडनला जाते, जावई हीथ्रोवर पाळीत कामाला. दोघांची सकाळ ज्या दिवशी जुळत नाही त्या दिवशी मुलं साडेसातलाच शाळेच्या दारात. मी सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आजी, त्यामुळे सध्या पोचवायचं काम माझ्याकडे. "मग तू घरात असताना पोरांना तिथं कशाला धाडता?" असं बहिणीनं कोरेगावहून फोनवर विचारलंच. जागा सोडली तर परत मिळत नाही, म्हणून. क्लबला प्रतीक्षायादी आहे, आणि मी काही कायमची इथं राहणार नाही.

माझा अधिकार काय, तर जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी सगळी नोकरी गेली, शेवटी मुख्याध्यापिका होते. पोषण आहाराची खिचडी पोरांच्या ताटात पडायच्या आधी चाखायची आणि चव रजिस्टरवर सही करायची हे रोजचं काम. खिचडी करपली असली तर तसं लिहायचं, मग बचत गटाच्या बायका दोन दिवस बोलायच्या नाहीत. शाळेतलं अन्न दिसलं की माझी जीभ आपोआप कामाला लागते, त्याला इलाज नाही.

एका मुलाला एका सकाळचे पाच पौंड, पाठच्या भावंडाला साडेचार. रुपयांत गुणाकार करायचा नाही असं लेकीनं आल्या आल्या बजावलं होतं, तरी मी केला. यातले बहुतेक पैसे खाण्याचे नाहीत, सांभाळण्याचे आहेत हे कळलं तेव्हा कुठं जरा शांत झाले. साडेसात ते पावणेनऊ मुलं बंद दाराआड, तीन मोठ्या माणसांच्या नजरेखाली असतात, त्याचे ते पैसे. टॅक्स-फ्री चाइल्डकेअर नावाची एक सरकारी सोय आहे, त्यात आपण आठ पौंड भरले की सरकार दोन घालतं, आणि नोंदणीकृत क्लबाची फी त्यातून देता येते. मात्र नवरा-बायको दोघांच्याही व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ घेता येणार नाही अशी अट असेल तर ती मिळत नाही. पुण्याहून नुकत्याच आलेल्या आयटीवाल्या जोडप्यांनी यात आशेनं अर्ज भरायला बसू नये. इथं स्थिरावलेल्यांनी मात्र जरूर भरावा. आमच्या गल्लीतल्या एका मराठी घरानं सगळी पात्रता असून वर्षानुवर्षं पूर्ण फी भरली, कारण कुणी सांगितलंच नाही.

या शाळांत मनात आलं म्हणून आजीला आत शिरता येत नाही. मुलांना दारात सोडायचं, यादीवर खूण होते, दार लागतं. पण आमची शाळा टर्ममध्ये एकदा घरच्यांना न्याहारीला बोलावते. मी सही केली, गळ्यात पाहुण्यांचा पट्टा अडकवला आणि जे जे मांडलं होतं ते ते खाल्लं. नात लाजली. बाकीच्या दिवसांची माहिती दोन वाटांनी मिळवली. एक, नातवंडांच्या साक्षी. त्या वेगवेगळ्या घेतल्या, कारण एकत्र बसवलं की धाकटा थोरलीचं ऐकून तेच बोलतो. दुसरी वाट म्हणजे क्लबच्या मुख्य बाई. त्या मूळच्या जालंधरच्या, त्यामुळे आमचं हिंदीत छान जमलं. मुलं त्यांना नुसतं 'मिस' म्हणतात, त्या मला 'बहनजी' म्हणतात.

हॉल म्हणजे व्यायामाचा, असेंब्लीचा आणि जेवणाचा एकच. घडीची लांब टेबलं, त्यांनाच जोडलेली गोल स्टुलं, भिंतीला चढायच्या लाकडी शिड्या. स्वच्छता चोख. इथं खाण्याच्या प्रत्येक ठिकाणाला, शाळेलासुद्धा, शून्य ते पाच असा स्वच्छतेचा दर्जा मिळतो आणि तो अन्न खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. आमच्या शाळेला पाच आहे. तेवढं बघून मी तो विषय मिटवला.

पहिलं टेबल सीरियलचं. विटाबिक्स, कॉर्नफ्लेक्स आणि राइस क्रिस्पीज, पारदर्शक डब्यांत, समोर चमचे. चॉकलेटचं किंवा रंगीत काही नाही. नातवाचं यावर फार वाईट मत आहे, माझं फार चांगलं. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घेतली तर कळतं की विटाबिक्समध्ये शंभर ग्रॅमला साखर साधारण चार ग्रॅम, कॉर्नफ्लेक्समध्ये आठ, आणि नातवाला हव्या असलेल्या कोको पॉप्समध्ये सतरा. मुलं एका वेळी दोन विटाबिक्स खातात, म्हणजे साखर दोन ग्रॅमसुद्धा होत नाही, आणि बाकीचा जवळजवळ सगळा अख्खा गहू. विटाबिक्स नॉर्थॅम्प्टनशरमध्ये बर्टन लॅटिमर नावाच्या गावात बनतं. दूध ओतल्यावर दोन मिनिटांत त्याचा लगदा होतो, म्हणून दूध बेतानं घालायचं. सहा वर्षांच्या पोरांना हे शास्त्र इथल्या सगळ्या मास्तरांपेक्षा चांगलं कळतं.

दूध हिरव्या झाकणाचं, म्हणजे अर्धी साय काढलेलं. मला ते पाणचट लागतं, पण इथल्या नियमाप्रमाणे शाळेत प्यायला कमी चरबीचंच दूध ठेवायचं असतं, तेव्हा त्यात शाळेचा दोष नाही. दोष हा की ते थेट फ्रिजमधून येतं. जानेवारीत बाहेर गवतावर दहिवर गोठलेलं असताना गार दुधात गार गहू! मायक्रोवेव्ह मागच्या स्वयंपाकघरात आहे, एक जग गरम करून ठेवायला काय लागतं असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, गरम जग टेबलावर ठेवता येत नाही, मुलं भाजतील. बरोबर आहे. मग कोमट ठेवा ना. यावर त्यांनी मान हलवली, ती होकाराची होती की 'हिला कोण समजावणार' अशी होती, ते मला कळलं नाही. दूध अजून गारच आहे.

टोस्ट हा या क्लबचा सगळ्यात मोठा दोष, आणि दोन आणि चार गुणांतला फरक मुख्यतः त्याचाच. ब्रेड अर्धा मैद्याचा, अर्धा अख्ख्या गव्हाचा, दिसायला पांढरा, ही पोरांना गंडवायची युक्ती मला मान्य आहे. दोन टोस्टर आहेत, एका वेळी आठ काप निघतात. पण मुलं चाळीसच्या आसपास आणि सात-चाळीसला बहुतेक सगळी एकदम येतात, म्हणून बाई सात-वीसलाच ढीगभर टोस्ट काढतात, त्यावर सूर्यफुलाच्या तेलाचं लोणीसदृश काहीतरी फासतात आणि टोपलीत फडक्याखाली ठेवतात. पावणेआठपर्यंत तो खुसखुशीत आणि चांगला लागतो. त्यानंतर वाफ आतल्या आत जिरते आणि सव्वाआठपर्यंत त्याचा वहाणेचा तळवा होतो. मी दोन्ही खाल्ले, मुद्दाम, अर्ध्या तासाच्या अंतरानं. दुसरा तोडायला मला बाजूचे दात वापरावे लागले, आणि माझे बाजूचे दात आता मोजकेच आहेत.

उशिरा येणारी पोरं कोणती, हेही मी बघितलं. हौसेनं उशिरा येणारं कुणी नाही. कुणाची आई रात्रपाळी संपवून घरी येते आणि तशीच पोराला घेऊन निघते, कुणी दोन बस बदलून येतं. ज्यांच्या पोटात घरून निघताना काही पडलेलं नसायची शक्यता सगळ्यात जास्त, त्यांच्याच वाट्याला तो टोस्ट, तळाला उरलेला कॉर्नफ्लेक्सचा चुरा आणि फळांच्या परडीतलं शेवटचं डाग पडलेलं केळं येतं. आठ-वीसला खाणं आवरतात. आठ-अठराला आलेल्या एका पोरानं कोट न काढता उभ्या उभ्या टोस्ट खाल्लेला मी बघितला. माझ्या शाळेत वाटप चालू असताना मी शेवटच्या रांगेतल्या पोराचं ताट बघायचे, पहिल्याचं नाही. पातेल्याच्या तळाला डाळ उरते की नुसता भात, ते तिथंच कळतं.

उपाय साधा आहे. अर्धा ब्रेड बाजूला ठेवायचा आणि आठ वाजता दुसरा घाणा काढायचा. त्यासाठी एक माणूस टोस्टरजवळ उभं राहायला हवं, आणि आठ वाजता तिघीही पोरांची भांडणं सोडवत असतात. म्हणजे प्रश्न ब्रेडचा नाही, हातांचा आहे.

आता ज्यूस. इथं मात्र मी हिशेब मांडणार आहे, मास्तरणीला क्षमा असावी. इंग्लंडमधल्या शाळांतल्या खाण्याचे नियम, ज्यांना स्कूल फूड स्टँडर्ड्स म्हणतात, ते जानेवारी २०१५ पासून सध्याच्या रूपात लागू आहेत. फक्त दुपारच्या जेवणाला नाही, तर संध्याकाळी सहापर्यंत शाळेत जे जे वाढलं जातं त्या सगळ्याला, म्हणजे न्याहारीलाही. बऱ्याच पालकांना वाटतं की क्लब हा खाजगी मामला, तिथं काहीही चालतं. तसं नाही. लेकीनं मला ते छापून दिले आणि मी आपला जीआर वाचतात तसे पेन्सिल घेऊन वाचले. आपल्या जीआरपेक्षा सुटसुटीत आहेत, 'संदर्भाधीन पत्रान्वये' कुठंही नाही. त्यात फळांच्या रसाला मर्यादा आहे १५० मिलिलिटर. आता १५० मिलिलिटर संत्र्याच्या रसात साखर साधारण बारा-तेरा ग्रॅम. आणि इथल्या आरोग्य खात्याच्या सल्ल्याप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या मुलानं वरची साखर, ज्यात रसातलीही धरतात, दिवसभरात १९ ग्रॅमपेक्षा जास्त खाऊ नये. सात ते दहा वर्षांच्यांना २४. म्हणजे माझ्या नातवानं नियमात बसणारा एक पेला रस प्याला आणि टोस्टवर दहा ग्रॅम जॅम लावला, ज्यात सहा ग्रॅम साखर असते, की शाळेची घंटा व्हायच्या आत त्याचा दिवसाचा साठा संपला. दुपारी काही गोड, संध्याकाळी मित्राचा वाढदिवस, सगळं उधारीवर.

हे झालं पेला १५०चा असेल तर. आमच्या क्लबातले निळे प्लास्टिकचे पेले त्याहून मोठे आहेत आणि जग मुलांच्या हाताशी आहे. नातू दोनदा घेतो हे त्यानं अभिमानानं सांगितलं. मी बाईंना हिशेब सांगितला, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला आणि पुढच्या आठवड्यापासून रसाचा जग स्वतःच्या टेबलावर नेला. आता रस वाढला जातो, ओतून घेतला जात नाही, आणि मुलांसमोर पाण्याचा जग असतो. नातू आठवडाभर माझ्याशी फारसा बोलला नाही. या बदलासाठी मी निकालात अर्धा गुण वाढवला आहे.

फळांची काही तक्रार नाही, डाग पडलेलं शेवटचं केळं सोडून. लहान संत्री, केळी, चिरलेली सफरचंदं. सफरचंद चिरून ठेवतात ही फार मोठी गोष्ट आहे. अख्खं सफरचंद लहान पोर एक घास खाऊन टाकतं, फोडी मात्र संपतात. दही साधं, बिनसाखरेचं, मोठ्या डब्यातून वाढलेलं. दह्याबाबत मराठी घरांनी एक गोष्ट विचारावी, कारण बाजारातल्या काही फळांच्या दह्यांत जिलेटिन असतं आणि ते प्राण्याच्या हाडा-कातड्याचं असतं. साध्या दह्यात हा प्रश्न येत नाही.

या सगळ्यात उत्तम पदार्थ पॉरिज. मंगळवारी आणि बुधवारी असतो. पाकिटातला गोड वासाचा नाही, खऱ्या ओट्सचा, निम्मं पाणी निम्मं दूध घालून मोठ्या भांड्यात शिजवलेला. वर हवं तर केळ्याचे काप, चिमूटभर दालचिनी. साखर नाही. एरवी मीठही टेबलावर ठेवत नाहीत, नियमच आहे तसा. मी तो मन लावून खाल्ला आणि परत मागितला. गंमत म्हणजे चाळीसातली दहा-बाराच मुलं पॉरिज घेतात, त्यात आमची नात. नातू त्याला 'आजारी माणसाचं जेवण' म्हणतो. हा शब्द त्याला त्याच्या आईनं दिलेला नाही, याची मी चौकशी केली आहे.

गुरुवार गरम न्याहारीचा. पूर्वी सॉसेज, आता आळीपाळीनं टोस्टवर बीन्स किंवा अंडी. बीन्स म्हणजे टोमॅटोच्या रश्शातले ते पांढरे दाणे. मी त्यांच्याकडे आदरानं बघते, कारण तो घेवडाच आहे, आमच्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याच्याच जातकुळीतला. आमच्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, तो मुद्दा वेगळा. इथला दाणा मुख्यतः उत्तर अमेरिकेतून येतो आणि डब्यात बंद होतो. मसाला म्हणाल तर नावाला नाही, रस्सा गोडसर. क्लब साखर-मीठ कमी असलेला डबा घेतो हे मी डबा फिरवून बघितलं. प्रथिनं आहेत, तंतू आहेत, पोट भरतं, शाकाहारी पोरांना चालतं, मुसलमान पोरांना चालतं, आमच्यासारख्या मांस खाणाऱ्यांनाही चालतं. एवढ्या वेगवेगळ्या घरांतल्या मुलांना एका टेबलावर बसवून तेच वाढता येईल असा गरम पदार्थ या देशात दुसरा दाखवा. अंडी मात्र निराशा. खोक्यातलं तयार पातळ अंडं मायक्रोवेव्हमध्ये घट्ट करतात, मग त्याला पाणी सुटतं. फोडलेल्या अंड्याची सर नाही. मीठही नसल्यानं ते अंडं आहे हे रंगावरून ओळखायचं.

सॉसेज का गेलं, ते सांगायला हवं. आम्ही खाणारी माणसं, पण डुकराचं आणि गाईचं घरात येत नाही. म्हणून मी आधी विचारलं की यात आहे काय. बाईंनी फ्रीझरमधून पाकीट आणून हातात ठेवलं, कोंबडीचं, हलाल. विचारल्यावर पाकीट दाखवणारं स्वयंपाकघर मला आवडतं. जे दाखवायला कुरकुरतं तिथं मी पोर ठेवणार नाही. पण पाकीट हातात असतानाच भिंतीवरचा दुपारच्या जेवणाचा तक्ता दिसला. बुधवारी दुपारी सॉसेज आणि मॅश, म्हणजे कुस्करलेला बटाटा. गुरुवारी सकाळी पुन्हा सॉसेज. नियम सांगतो की प्राथमिक शाळेत असा तयार मांसाचा पदार्थ आठवड्यातून एकदाच, सबंध दिवसाचं मिळून. न्याहारी शाळा स्वतः बघते, दुपारचं जेवण बाहेरची कंपनी करते, आणि दोघांनी एकमेकांचा तक्ता बघितलेलाच नाही. दोघांचेही कागद आपापल्या जागी बरोबर! लेकीनं शाळेला चार ओळींची ईमेल केली, भाषा माझी, इंग्रजी तिचं. दोन आठवड्यांत गुरुवार बदलला. इथल्या शाळांचा हा गुण मान्य करावा लागतो. उत्तर येतं, आणि ते रागाचं नसतं.

याच नियमांप्रमाणे न्याहारीला केक, बिस्किट, चॉकलेट, गोड पेस्ट्री चालत नाही. तळलेलं किंवा ब्रेडक्रम्समध्ये घोळलेलं आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त नाही, तेही दिवसभराचं मिळून. तेव्हा तुमच्या शाळेत सकाळी चॉकलेटचं क्रोसाँ वाढत असतील तर पोरं खूष असली तरी तुम्ही विचारायला हरकत नाही. आणि घरून पाठवण्याबद्दल: आमच्या शाळेत दाणे, शेंगदाणे, काजू, काहीही चालत नाही, ॲलर्जीमुळे. दाण्याची चटणी नाही, लाडू नाही, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीरसुद्धा नाही. मला हे आधी अतिरेकी वाटलं. मग भिंतीवर ॲलर्जी असलेल्या मुलांचे फोटो आणि प्रत्येकाखाली काय टाळायचं ते लिहिलेलं पाहिलं, आणि बाईंना ते सगळं तोंडपाठ आहे हे पाहिलं. या कामात त्यांना पाचपैकी पाच.

पैशांचा विषय निघालाच आहे तर फुकटच्या क्लबाचंही बोलू, कारण आमच्याकडेही तो येणार अशी कुजबुज आहे. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या ७५० प्राथमिक शाळांत शाळेआधीची तीस मिनिटं आणि न्याहारी सगळ्या मुलांना फुकट सुरू झाली. पहिल्या फेरीत सर्वसाधारण मुलामागे शाळेला दिवसाला ६० पेन्स धरले होते, त्यावर बऱ्याच मुख्याध्यापकांनी हात वर केले, पुढे दर वाढवला. वेल्समध्ये प्राथमिक शाळांना फुकट न्याहारी २००४ पासूनच सुरू झाली, आणि इंग्लंडमध्येही धर्मादाय संस्था बेगल आणि पॉरिज घेऊन अनेक वर्षं शाळांत जातायत, तेव्हा ही कल्पना नवी नाही. उपयोग होतो का, तर इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये मांडलेल्या अभ्यासात गरीब वस्त्यांतल्या ज्या शाळांनी फुकट न्याहारी सुरू केली, तिथली इयर टूची, म्हणजे सहा-सात वर्षांची, मुलं वर्षभरात दुसऱ्या शाळांतल्या मुलांपेक्षा साधारण दोन महिन्यांनी पुढं गेली होती. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. साडेदहाला माझ्या वर्गातली कोणती पोरं दाराकडं बघायची, हे मला हजेरीपटाइतकंच पाठ होतं.

माझी शंका वेगळी. फुकट झालं की येणारी मुलं दुप्पट होतील आणि सगळी त्याच अर्ध्या तासात येतील. टोस्टर दोनच. मग पावणेआठची चांगली न्याहारी कुणालाच मिळणार नाही, सगळ्यांनाच सव्वाआठची मिळेल. सरकारनं ब्रेडचे पैसे मोजले असतील, तर टोस्टरजवळ उभ्या राहणाऱ्या बाईचेही मोजावेत.

आपल्याकडच्याशी तुलना करायचा मोह होतो, करते थोडी. आपल्याकडे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं असं मोजमाप आहे, आणि अन्न शाळेत शिजवलेलं, गरम. या बाबतीत आपण पुढं आहोत, निःसंशय. पहिल्यांदा १९९५ मध्ये योजना आली तेव्हा पोरं महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीतून घरी न्यायची, तिथून शिजवलेल्या अन्नापर्यंत आपण आलो. इथं शिजवलेलं म्हणजे फक्त पॉरिज, बाकी सगळं खोक्यातून वाटीत. पण खोक्यावर काय आहे ते लिहिलेलं असतं, आणि आपल्या डाळीच्या पोत्यावर काय काय लिहिलेलं नसायचं ते मी पोतं उघडून बघितलेलं आहे. चाखायची पद्धत मात्र इथं मला दिसली नाही. त्या तिघीजणी न्याहारी वाढतात, खात नाहीत. बाई त्यांचा पराठा घरून आणतात. एखादीनं रोज आठ-पंधराला त्या टोपलीतला एक टोस्ट खाल्ला असता तर दुसरा घाणा कधीच सुरू झाला असता.

तर घ्यावा का क्लब? गरज असेल तर घ्यावा, पोर उपाशी राहत नाही आणि कचरा खात नाही. नाव घालण्याआधी तीन गोष्टी विचारा: खाणं किती वाजता आवरतात, ज्यूस कोण ओततं, आणि दुपारच्या जेवणाचा तक्ता क्लबाकडे आहे का. आवरायची वेळ आणि तुमची पोचायची वेळ यांत निदान पंचवीस मिनिटं असू द्या, नाहीतर घरी दूध-केळं देऊन निघा आणि क्लबाकडे फक्त सांभाळणं समजा. पॉरिजचे दिवस विचारून तेच घ्या. आमची पुढच्या टर्मची नोंदणी मंगळवार, बुधवार आणि गुरुवारची झाली आहे. सोमवारी आणि शुक्रवारी जावयाची दुपारपाळी असते, तो पोरांना घरीच खायला घालतो आणि पावणेनऊला नेऊन सोडतो.